शिरोरेषा सरळ येते का? घडी होणारा, पेनचा लॅपटॉप घेण्याआधी

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानात गेल्या उन्हाळ्यात मी वीस मिनिटं एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहीत उभा होतो. 'चिंचेखाली पिंजऱ्यात पंधरा रंगीत पोपट.' सोबत आलेल्या भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मामा, काय करायलाव हे? लोकं बघायलेत." मी लिहीत राहिलो. तिसऱ्या लॅपटॉपवर 'पंधरा'चं 'पधरा' झालं, 'रंगीत'चं 'रगीत' झालं, तेव्हा पेन ठेवलं आणि म्हणालो, "पुढचा दाखवा."

मी टॉवेल-चादरींची डिझाइनं काढतो. हात घडला तो ग्राफ पेपरवर. चौकोन मोजायचे, ब्रशने रंग भरायचे, मग पंचिंगवाला त्यावरून जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं पाडायचा. आता ते सगळं संगणकात होतं, पण नक्षी पहिल्यांदा सुचते ती हातालाच, माऊसला नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी मी पडद्यावर पेनने लिहिता येणारा लॅपटॉप घेतला. निवड केली ती प्रोसेसर, रॅम आणि सवलत बघून. पेन डब्यात आहे ना, मग झालं, असा विचार. घरी येऊन तिरकी रेघ मारली तर ती बैलगाडीच्या वाटेसारखी नागमोडी. दोन वर्षं त्या यंत्रावर मी फक्त बिलं लिहिली.

भाचीसाठी लॅपटॉप घ्यायच्या वेळी ठरवलं होतं, पारख पेनपासून सुरू करायची आणि प्रोसेसरशी संपवायची. दुकानात नेमकं उलटं होतं. आकडे कागदावर छापता येतात म्हणून ते आधी पुढे येतात. पेन हातात धरून बघावं लागतं, म्हणून ते खोक्यातच राहतं. पुढे जे लिहिलंय ते त्याच क्रमाने.

दुकानात जाण्याआधी

एक आठवडा वहीत नोंद ठेवा: रोज किती वेळ हातात पेन-पेन्सिल असते आणि कशासाठी. भाचीचं उत्तर सोपं होतं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला गणितं, सर्किटच्या आकृत्या, पीडीएफवर खुणा; दिवसाला दोन तास तरी लिहिणं. क्लासमध्ये गणित शिकवणारे, नकाशांवर खुणा करणारे, चित्रं-नक्ष्या काढणारे, पेपर पडद्यावर तपासणारे, यांना हे यंत्र उपयोगी पडतं. रोज अर्ध्या तासाच्या खाली लिहिणं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: साधा लॅपटॉप घ्या. तेवढ्याच पैशात तो जास्त ताकदीचा मिळतो. कधीमधी रेघोट्या मारायला यूएसबीला जोडायची बिनपडद्याची पेन-पाटी काही हजारांत येते. सही करायला आणि फोटो बोटाने सरकवायला लाखाच्या घरातलं यंत्र घेणं म्हणजे चटणी कुटायला गिरणी लावण्यासारखं.

वजनाची परीक्षाही घरीच होते. झेरॉक्सवाल्याकडचा ए-फोर कागदाचा रीम घ्या, ७५ जीएसएमचा. पाचशे कागदांचं वजन साधारण २ किलो ३०० ग्रॅम भरतं. त्यातले तीनशे कागद मोजून कापडात बांधा. हे झाले १ किलो ४०० ग्रॅम, म्हणजे बाजारातल्या बहुतेक चौदा इंची घडीच्या लॅपटॉपचं वजन. आता हा गठ्ठा डाव्या हातावर पाटीसारखा धरून उजव्या हाताने दहा मिनिटं लिहा. सातव्या मिनिटाला मनगट बोलायला लागतं. मग अडीचशे कागदांवर या, म्हणजे सव्वा किलोच्या आत. फरक साधारण २३० ग्रॅमचाच, पण उभ्याने लिहिणाऱ्याला तो कळतो. टेबलावर किंवा मांडीवर ठेवून लिहिणार असाल तर त्या २३० ग्रॅमसाठी जादा पैसे मोजू नका. सोळा इंची घडीचा लॅपटॉप दोन किलोच्या आसपास जातो. तो 'पाटी' म्हणून धरायचा विचार सोडूनच द्या.

जाहिरातीतल्या वजनात चार्जर धरलेला नसतो. तो आणखी दोनशे ते साडेतीनशे ग्रॅम.

प्रकार दोनच, पण घोळ मोठा

पेनचे संगणक काही नवे नाहीत. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विंडोज एक्सपीची टॅब्लेट पीसी आवृत्ती काढली होती; तेव्हाची यंत्रं मधल्या एका खुंटीवर पडदा गरकन फिरवून झाकायची. आज बिजागरी पूर्ण ३६० अंशांत मागे वळते. लेनोवोच्या योगाने २०१२ मध्ये ही पद्धत रूढ केली आणि मग सगळ्यांनी उचलली. दुसरा प्रकार म्हणजे पडदा कीबोर्डपासून वेगळा निघणारा, सरफेस प्रोसारखा.

पडदा वेगळा निघणारा हातात धरायला उत्तम. कीबोर्ड काढला की किलोच्या आत येतो. पण त्याला मागे टेकू लागतो, आणि तो टेकू मांडीवर नीट बसत नाही. हुतात्मा एक्सप्रेसने सोलापूर-पुणे करणाऱ्याने हे आधी बघावं: चार तास मांडीवर किंवा समोरच्या छोट्या ट्रेवर टाइप करायचं असेल तर वळणाऱ्या बिजागरीचाच घ्या. उलट, जो माणूस नव्वद टक्के लिहितो आणि दहा टक्के टाइप करतो, त्याला वेगळा निघणारा जास्त मानवतो.

पडद्याचा आकारही याच वेळी ठरवा, कारण इंच फसवतात. उभा धरल्यावर रुंदी किती उरते ते बघायचं. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद. जुन्या धाटणीचा १३.३ इंची, १६:९ प्रमाणाचा पडदा उभा धरला तर रुंदी साडेसोळा सेंटिमीटर. म्हणजे पान मूळ आकाराच्या ऐंशी टक्क्यांच्या आत येतं आणि अक्षर बारीक होतं. १४ इंची, १६:१० प्रमाणाचा पडदा जवळजवळ १९ सेंटिमीटर देतो, पान नव्वद टक्के. पीडीएफवर लिहिणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो. भाचीने १६:९ चे सगळे तिथेच यादीतून काढले.

पेनची जात

इथे लोक सर्वात जास्त फसतात, कारण पेनं दिसायला सारखी असतात.

ईएमआर पद्धतीच्या पेनात बॅटरी नसते. पडद्याखाली एक जाळी असते, तिच्या चुंबकीय क्षेत्रातून पेनला ऊर्जा मिळते. वॅकॉमची ही पद्धत सॅमसंगच्या एस पेनमध्ये आहे. रेघ सहसा स्थिर येते, चार्जिंगची भानगड नाही. एईएस ही वॅकॉमचीच दुसरी पद्धत, तिच्या पेनात बॅटरी लागते. एमपीपी ही मायक्रोसॉफ्टची. सरफेसमध्ये आणि इतर अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये आहे, तिलाही बॅटरी. यूएसआय मुख्यतः क्रोमबुकवर दिसते. एका जातीचं पेन दुसऱ्या जातीच्या पडद्यावर चालत नाही. एईएस आणि एमपीपी दोन्ही बोलणारी काही पेनं मिळतात, पण ईएमआरच्या पडद्यावर ईएमआरचंच लागतं.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न: "याला कुठल्या जातीचं पेन लागतं, आणि ते डब्यात आहे का?" 'टच आहे, कुठलंही चालेल' असं उत्तर आलं तर समजा समोरच्याला माहीत नाही. रबरी टोकाचं दीडशे रुपयांचं पेन कुठल्याही टचवर चालतं, कारण ते बोटाचं सोंग घेतं. त्याने गणित लिहायला घेतलं तर खडूने हिशेब केल्यासारखं होतं. आणि लक्षात ठेवा, टचस्क्रीन असलेल्या प्रत्येक लॅपटॉपला खऱ्या पेनची सोय असतेच असं नाही. पेन वेगळं विकत घ्यायचं असेल तर त्याची किंमत लॅपटॉपच्या किमतीत मिळवूनच तुलना करा.

खोक्यावर '४०९६ दाबपातळ्या' असं मोठ्या अक्षरात असतं. त्याकडे लक्ष देऊ नका. हाताला महत्त्वाचं असतं ते किती हलक्या स्पर्शाला शाई उमटते ते, आणि तो आकडा खोक्यावर कुणी छापत नाही. तो तपासायला देवनागरीइतकी चांगली लिपी नाही.

दुकानातली वीस मिनिटं

सोबत न्या: प्लॅस्टिकची फूटपट्टी, सुती रुमाल आणि पेन ड्राइव्हवर क्रिटा हे मोफत चित्रकलेचं सॉफ्टवेअर, इन्स्टॉल न करता चालणाऱ्या स्वरूपात. दुकानदार पेन ड्राइव्ह लावू देत नसेल तर वननोट किंवा पेंट उघडा. पट्टी धातूची नको. तिचा स्पर्शही पडद्याला बोटासारखा वाटू शकतो.

सुरुवात शिरोरेषेने करा. रोजच्या वेगाने एक शब्द लिहा, मग त्यावर मुद्दाम सावकाश, डावीकडून उजवीकडे रेघ ओढा. नंतर पट्टी तिरकी ठेवून, गोगलगाईच्या वेगाने, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. पट्टीला लावून ओढलेली रेघ सरळच यायला हवी. ती लाटांसारखी वरखाली झाली तर तो यंत्राचा दोष; तुमचा हात पट्टीने धरून ठेवलेला आहे. पडद्याखालच्या तारांच्या मधोमध पेन आलं की जागा ठरवताना अंदाज चुकतो, म्हणून ही लाट येते. भरभर लिहिताना ती दिसत नाही. विक्रेता नेहमी भरभर सही करून दाखवतो, ते यामुळेच सुंदर दिसतं. हलकी लाट गणिताच्या वहीला चालते. नक्षी काढणाऱ्याला अजिबात चालत नाही.

मग पोपटांची ओळ. अनुस्वार म्हणजे पेनची सर्वात हलकी टिचकी. आपण तो दाबून काढत नाही, टेकवतो आणि उचलतो. ज्या पेनला शाई सुरू करायला जास्त दाब लागतो ते अनुस्वार गाळतं, रफार अर्धवट काढतं. दहा ओळी लिहा आणि गळलेले अनुस्वार मोजा. एखादा गळला तर चालेल. प्रत्येक ओळीत गळत असेल तर ते पेन घरी नेल्यावर तुम्ही नकळत दाबून लिहायला लागाल आणि तासाभरात अंगठा दुखेल. काही पेनांच्या सेटिंगमध्ये दाब हलका करता येतो. तो बदलून एकदा पुन्हा लिहून पाहा, मगच निकाल द्या.

हे लिहिताना तळहात पडद्यावर मोकळा टेकवा. हात वीतभर वर उचलून लिहाल तर परीक्षा फुकट. तळहाताचे डाग उमटतात का, पान आपोआप सरकतं का, मोठं होतं का? हात थोडा घामेजलेला असला तर उत्तम, आपल्याकडे तो सहा महिने तसाच असतो. दुकानात एसी असतो, म्हणून मी रुमाल ओला करून तळहात पुसून घेतला. भाचीने तोंड फिरवलं.

चारही कोपऱ्यांत बारीक फुल्या मारा. पेनचं टोक आणि उमटलेला ठिपका यांच्यात अंतर दिसतं का? मध्यभागी ते सहसा ठीक असतं, कडेला सरकतं. नक्षीत कडेलाच किनार येते. त्यानंतर झरझर गोल गोल गिरवा आणि शाई पेनच्या किती मागे धावते ते बघा. थोडी मागे राहणारच, पण दोरी बांधून ओढल्यासारखी वाटायला नको.

एक परीक्षा जवळजवळ कुणीच करत नाही. चार्जर लावून तीच तिरकी रेघ पुन्हा काढा. अर्थिंग नीट नसलेल्या सॉकेटवर किंवा सुमार चार्जरवर विजेचा गोंगाट पडद्यात शिरतो आणि बॅटरीवर सरळ येणारी रेघ थरथरते, टच आपोआप टोचल्यासारखा वागतो. आपल्या जुन्या वाड्यांत आणि कारखान्यांच्या शेडमध्ये अर्थिंगची काय अवस्था असते हे सांगायला नको. घरी हा त्रास झाला तर लॅपटॉप बदलण्याआधी वायरमनला बोलवा.

मराठी हस्ताक्षराचं टाइप केलेल्या मजकुरात रूपांतर हवं असेल तर तेही तिथेच करून बघा, 'ळ', 'ज्ञ' आणि 'ऱ्या' लिहून. विक्रेत्याच्या 'हो, होतं सगळं' यावर विसंबू नका.

बिजागरी, काच, रंग

लॅपटॉप नेहमीसारखा उघडा ठेवून पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर बोटाने टिचक्या मारा. पडदा झुलत राहिला तर टच वापरणं त्रासाचं होईल. मग हळूहळू मागे वळवा. कुठेतरी मध्ये कीबोर्ड बंद व्हायला हवा आणि चित्र फिरायला हवं. ते लगेच होतं की विचार करत बसतं, बघा. पूर्ण घडी झाल्यावर दोन्ही पाट्या एकमेकींवर नीट बसतात का, की कडेला फट राहून लिहिताना खटखट वाजतात?

टचच्या पडद्यावर काच असते आणि काच आरसा असते. खिडकीकडे पाठ करून उभे राहा. स्वतःचा चेहरा आणि अक्षरं यांतलं काय जास्त दिसतं? २५०-३०० निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) पडदा खोलीत चालतो, खिडकीशी थकतो. ४०० च्या पुढचा घ्यावा. बाहेर सोलापूरच्या उन्हात कुठलाच चालत नाही, त्यासाठी पैसे घालू नका.

रंगांशी काम असेल तर खोक्यावर '४५ टक्के एनटीएससी' असं दिसलं की परत ठेवा. त्यात चादरीचा मरून विटकरी दिसतो. '१०० टक्के एसआरजीबी' हवं. दोन्ही आकडे पडदा किती रंग दाखवू शकतो ते सांगतात. मी एक तळहाताएवढा चादरीचा तुकडा आणि त्याचाच चांगल्या उजेडातला फोटो घेऊन गेलो होतो. फोटो पडद्यावर, तुकडा शेजारी. डोळ्यांना लगेच कळतं. आणखी एक गोष्ट फक्त धंद्यातल्या लोकांसाठी: २६८८ हुकांच्या जॅकार्डचं डिझाइन १९२० ठिपके रुंदीच्या पडद्यावर एकास एक मावत नाही. सतत सरकवायचं नसेल तर जास्त ठिपक्यांचा पडदा घ्या, बॅटरी थोडी जास्त खाल्ली तरी चालेल.

ओएलईडी पडदे देखणे असतात. उजेड कमी केल्यावर काहींची अतिसूक्ष्म लुकलुक होते आणि काही लोकांचं डोकं दुखतं. तुमचं दुखतं का, हे दहा मिनिटं कमी उजेडात वाचून बघितल्याशिवाय कळणार नाही.

ऊन आणि तंतू

पुण्यातल्या मित्रांच्या सल्ल्यात हा भाग येत नाही. अनेक कंपन्या लॅपटॉप वापरण्याचं तापमान ३५ अंशांपर्यंत लिहितात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि दुपारी पत्र्याच्या खोलीत तर विचारू नका.

वळणाऱ्या लॅपटॉपची एक खास अडचण आहे. पूर्ण घडी घातली की पडद्याची पाठ यंत्राच्या पोटाला चिकटते, आणि हवा आत घ्यायची भोकं बहुतेकदा त्याच पोटावर असतात. म्हणजे पाटी करून लिहायला बसलो की श्वास कोंडतो आणि उष्णता वर पडद्यात, तळहाताखाली येते. म्हणून दुकानात घडी घालून दोन्ही पाट्यांत किती फट राहते ते बघा. रबरी पाय उंच असतील तर चांगलं. मग वीस मिनिटं एखादा व्हिडिओ चालू ठेवा, त्याच वेळी लिहा आणि तळहाताला विचारा. पंख्याचा आवाजही कळेल. वेगळ्या निघणाऱ्या प्रकारात तर सगळं यंत्र काचेच्या मागेच असतं, तिथे ही परीक्षा आणखी गरजेची. घरी उन्हाळ्यात सपाट घडी न घालता तंबूसारखा उभा किंवा लॅपटॉपसारखाच उघडा ठेवून काम करणं बरं.

यंत्रमागाच्या शेडमध्ये जाणार असाल तर हवेत कापसाचे बारीक तंतू असतात आणि ते पंख्याच्या जाळीत दाट बसतात. माझ्या जुन्या यंत्राच्या पंख्यातून निघालेला गोळा बघून दुरुस्तीवाला म्हणाला, "यातून एक वात होईल." बिनपंख्याचे काही हलके लॅपटॉप मिळतात, शेडमध्ये फिरणाऱ्याला ते सोयीचे, पण जड काम ते गरम होऊन हळूहळू करतात. पंख्याचा घेतलात तर खालचं झाकण साध्या स्क्रूने उघडतं का विचारा.

दुचाकीच्या डिकीत उन्हात लॅपटॉप ठेवू नका, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. गरम बॅटरी फुगते आणि पातळ यंत्रात ती पडदा किंवा टचपॅड उचलून धरते. दुसरं, आजचे बरेच लॅपटॉप झाकण मिटल्यावर पूर्ण झोपत नाहीत. बॅगेत अर्धवट जागे राहून तापतात. झाकण मिटल्यावर 'हायबरनेट' व्हावा अशी सेटिंग पहिल्याच दिवशी करा.

आतला ऐवज

इथे थोडक्यात. हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम सहसा बोर्डावरच जोडलेली असते, नंतर वाढत नाही; म्हणून १६ जीबी आत्ताच घ्या. एसएसडी बहुतेकांत बदलता येते, तिथे ५१२ जीबीवर भागवलं तरी चालेल. प्रोसेसर दोन वर्षांच्या आतला, मधल्या दर्जाचा कुठलाही पुरतो.

अपवाद एक. स्नॅपड्रॅगनचे एआरएम (फोनमधल्या जातीच्या प्रोसेसरचे) लॅपटॉप बॅटरीला उत्तम आणि थंड असतात. पण जुनं विंडोज सॉफ्टवेअर त्यावर भाषांतर होऊन चालतं आणि ड्रायव्हरचं, म्हणजे जोडलेलं यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, मात्र तसं भाषांतर होत नाही. जॅकार्डचं किंवा दुसरं कुठलं सॉफ्टवेअर डोंगलवर (यूएसबीला लावायच्या किल्लीवर) चालत असेल, जुना प्रिंटर असेल, तर त्याचा एआरएमचा ड्रायव्हर मिळतो का हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. फोनवरच्या 'चालेल की' वर जाऊ नका.

बॅटरी तासांत विचारू नका, वॅट-अवरमध्ये विचारा. लिहिणं-वाचणं करताना असं यंत्र साधारण सहा ते आठ वॅट खातं. ५० वॅट-अवरची बॅटरी म्हणजे सहा ते आठ तास, उजेड पूर्ण वाढवला की त्याहून कमी. कंपनीचा अठरा तासांचा आकडा त्यांच्या प्रयोगशाळेत राहू द्या. टाइप-सी वरून चार्जिंग होतं का, आणि ती भोकं दोन्ही बाजूंना आहेत का, एवढं बघा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजवीकडची वायर हाताखाली येते.

बिल आणि वॉरंटी

या यंत्राची काच, टच आणि पेनची जाळी बहुधा एकत्र चिकटवलेली असते. कोपरा फुटला तर सगळा पडदा बदलतो आणि बिल यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा खातं. म्हणून अपघाती नुकसानीची जादा वॉरंटी, जी मी इतर वेळी कधीच घेत नाही, इथे घ्यावी. घरी येऊन दुरुस्ती आहे की यंत्र पाठवावं लागतं, हे तुमच्या पिनकोडवर विचारा. 'महाराष्ट्रात सर्वत्र' म्हणजे ४१३००१ ला असं धरून चालू नका. पुण्याला पाठवलं तर येईपर्यंत परीक्षा उरकलेली असते. पेनची वॉरंटी वेगळी आणि सहसा कमी असते, ती बिलावर लिहून घ्या. धंद्यासाठी घेत असाल तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक पडायला हवा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याचं क्रेडिट सोडून देण्याइतकं आपलं मार्जिन कुठे असतं?

ऑनलाइन घेताना 'परत' आणि 'बदली' यांतला फरक वाचा. लॅपटॉपला बऱ्याचदा फक्त बदली मिळते, तीही बिघाड असेल तरच. लाटांची रेघ हा त्यांच्या लेखी बिघाड नसतो. म्हणून निदान तेच मॉडेल आधी कुठेतरी हाताळा. भाचीच्या यादीतले दोन इथे बघायला मिळालेच नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही सकाळच्या गाडीने पुण्याला जाऊन संध्याकाळी परतलो. तिकिटाचे पैसे वसूल झाले: दोन्ही नापास.

जुना घ्यायचा असेल तर

कंपन्यांनी वापरून काढलेले घडीचे लॅपटॉप निम्म्याहून कमी किमतीत मिळतात आणि त्यांची बांधणी अनेकदा नव्या स्वस्त यंत्रांपेक्षा मजबूत असते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोज ११ चालणाराच घ्या. इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. सगळा पडदा पेनने आडव्या-उभ्या रेघांनी भरून काढा, शेत नांगरल्यासारखा. जिथे रेघ तुटते तिथे जाळी मेलेली आहे. बिजागरीच्या मुळाशी प्लॅस्टिकला तडे आहेत का, नखाने चाचपा. विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढता येतो, तो विक्रेत्याकडून तुमच्यासमोर काढून घ्या: मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता शेजारी-शेजारी छापलेली असते. सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापा. मूळ पेन सोबत नसेल तर त्याच जातीचं पेन आजही मिळतं का, याचा शोध पैसे देण्याआधी.

पहिला आठवडा

भाचीने शेवटी १४ इंची, १६:१० चा, ३६० अंशांत वळणारा घेतला. वजन १ किलो ३५० ग्रॅम, पेन डब्यात. तिच्या पसंतीचा रंग नव्हता. पहिल्या आठवड्यात मी तिला वही बंद करायला लावली: सगळं पडद्यावरच लिही, जे अडेल ते कागदावर टिपून ठेव. बदलीची मुदत संपायच्या आत दोष बाहेर यायला हवेत. तिसऱ्या दिवशी कळलं की पान उभं धरल्यावर तिचा अंगठा आवाजाच्या बटणावर पडतो. पाचव्या दिवशी कळलं की काच फार गुळगुळीत आहे आणि तिचं अक्षर घसरतं. त्यावर कागदासारखा खरखरीत चिकटकागद लावला. अक्षर सुधारलं, पडद्याची चमक थोडी गेली आणि पेनचं टोक लवकर झिजायला लागलं. यातलं काय सोसायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. तिने अक्षर निवडलं.

टोकं मात्र जादा घेऊन ठेवा, पेनच्या जातीचीच. परवा रात्री साडेदहाला तिचा फोन आला, दुसऱ्या दिवशी असाइनमेंट आणि पेन काचेवर ओरखडतंय. डब्यातली दोन जादा टोकं तिला सापडत नव्हती. ती मी पहिल्याच दिवशी काढून चार्जरच्या ठोकळ्याला चिकटपट्टीने लावून ठेवली होती.